घोड्यासह मुक्काम

विद्यार्थिमित्रहो, घोड्यावर बसणें ही एक विद्या आहे आणि घोड्यासह रात्रीचा मुक्काम करणें ही दुसरी. अकलूजच्या घोडेबाजारांत, पांचगणीच्या टेबललँडवर किंवा माथेरानच्या तांबड्या वाटांवर तुमच्यापैकीं कित्येकांनीं घोड्याच्या पाठीवरून एखादी फेरी मारली असेल. त्या फेरींत घोड्याची चिंता घोडेवाल्यास असते. पैसे देऊन आपण खालीं उतरलों कीं आपलें काम संपतें. परंतु दोन दिवसांची वाट घोड्यावरून चालावयाची, रात्रीं माळावर राहुटी ठोकावयाची आणि सकाळीं त्याच घोड्यावर पुन्हां खोगीर चढवावयाचें असें ठरलें, म्हणजे निराळेच प्रश्न उभे राहतात. घोडा बांधावयाचा कोठें? त्यास पाणी किती लागेल? वैरण कोणाची? आणि आपण निघून गेल्यावर त्या जागेचें काय होईल? या प्रश्नांचीं उत्तरें देण्याचा प्रयत्न या पाठांत केला आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, मुक्कामाची परीक्षा रात्रीच्या मौजेवरून होत नाहीं. ती दुसऱ्या दिवशीं होते; घोड्याच्या पाठीवरून आणि आपण मागें टाकलेल्या जागेवरून होते.

१. आपली भूमि आणि आपलें तट्टू

करमाळें तालुक्याच्या एका अंगास भीमा व दुसऱ्या अंगास सीना वाहते. 'थडी' म्हणजे नदीचा कांठ. म्हणून भीमेच्या कांठचा प्रदेश तो भीमथडी आणि तेथील घोडा तो भीमथडी तट्टू. दाभोळ, चौल इत्यादि बंदरांतून आलेल्या अरबी व इराणी घोड्यांचा येथल्या डोंगरी घोड्यांशीं संकर होऊन ही जात बनली असें मानतात. हें जनावर खांद्यापाशीं सुमारें १३० सेंटिमीटर उंच, दिसण्यांत साधें, पण काटक, खुरांचें बळकट आणि थोड्या चाऱ्यावर निभावणारें असें आहे. इ. स. १७५८ मध्यें मराठी फौजा लाहोरपर्यंत पोहोंचल्या. अशा दूरच्या दौडींत भव्य देखण्या घोड्यांपेक्षां अशा काटक तट्टांचाच उपयोग अधिक होत असे.

पुढें स्वारांच्या फौजा मोडल्या, मोटारी आल्या आणि या तट्टाचें नांव मागें पडलें. तें टिकविलें तें मुख्यतः धनगरांनीं. मेंढरांमागें गांवोगांव फिरणाऱ्या धनगरांच्या वाड्याचा सर्व संसार, म्हणजे भांडींकुंडीं, वाघर, कोंबड्या, नुकतीं जन्मलेलीं कोंकरें, हें सारें आजही तट्टाच्या पाठीवरून जातें. अलीकडे, इ. स. २०२३-२४ च्या सुमारास, पशूंच्या जातींची नोंद करणाऱ्या कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेनें भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. काठेवाडी, मारवाडी, मणिपुरी इत्यादि सात जाती अगोदर नोंदल्या गेल्या होत्या. आपलें तट्टू आठवें. जें जनावर आपण 'धनगराचें तट्टू' म्हणून दुर्लक्षीत होतों, तें एका नामांकित जातीचें निघालें, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी.

२. छावणीची भाषा

आपल्या पूर्वजांनीं घोड्यांसह किती मुक्काम केले याची साक्ष आपली भाषाच देते. फौजेच्या पुढें चालणारी तुकडी ती 'बिनी'. मागून येणारें बिनलढाऊ माणसांचें व सामानाचें लटांबर ते 'बुणगे'. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार. एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतची वाट ती मजल. म्हणून आपण आजही 'मजल दरमजल' असें म्हणतों. घोड्याच्या धान्याचा नेमलेला वांटा ती चंदी, तें तोंडास बांधून चारण्याची पिशवी तो तोबरा, अंग घासण्याचें दांतेरी साधन तो खरारा. खोगिरांत चिंध्या, लोंकर असें मिळेल तें कोंबून भरीत, यावरून निरुपयोगी भरण्यास 'खोगीरभरती' हा शब्द आला.

इ. स. १८०९ मध्यें दौलतराव शिंदे यांच्या फिरत्या छावणीबरोबर टॉमस ब्रॉटन नांवाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. त्याचीं तेथून लिहिलेलीं पत्रें इ. स. १८१३ मध्यें लंडन येथें छापलीं गेलीं. त्यांत छावणी कशी पडते याचें बारीक वर्णन आहे. बिनीवाला आधीं पुढें जाऊन जागा पाही आणि जेथें महाराजांचे डेरे पडावयाचे तेथें एक लहान पांढरें निशाण रोवी. मग निरनिराळ्या बाजारांचीं निशाणें आपापल्या ठरलेल्या जागीं लागत, दुकानांच्या दोन समांतर रांगा उभ्या राहत आणि मध्यें एक लांब रस्ता तयार होई. मुक्काम रोज नवा. पण प्रत्येकाचें ठिकाण ठरलेलें. यांतून घेण्यासारखा धडा असा कीं, जागा आधीं एकानें पाहावी आणि माणसांनीं व घोड्यांनीं मागाहून तेथें जावें. अंधार पडल्यावर जागा शोधूं लागणें म्हणजे वरातीमागून घोडें होय.

बुणग्यांचाही एक धडा आहे. पानिपतच्या मोहिमेंत लढणाऱ्यांबरोबर बुणग्यांचा व यात्रेकरूंचा मोठा लोंढा होता. इ. स. १७६१ च्या जानेवारींत निर्णायक लढाई होण्यापूर्वींच छावणींत धान्याचा व वैरणीचा दुष्काळ पडला होता आणि घोडे उपासमारीनें खंगले होते. म्हणून सामान थोडें आणि वैरणीची तरतूद पक्की, हा मुक्कामाचा पहिला हिशेब समजावा.

३. एक पत्र आणि एक वाडा

या विषयावरील सर्वांत मोलाचा पाठ मात्र शिवाजी महाराजांच्या एका पत्रांत आहे. राज्याभिषेकाच्या, म्हणजे इ. स. १६७४ च्या, सुमारास चिपळुणाजवळ स्वारांची छावणी होती व पावसाळा तोंडावर आला होता. तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस लिहिलेल्या त्या पत्राचा आशय असा: पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व वैरण आतांच मन मानेल तशी उधळाल, तर पुढें कांहीं मिळणार नाहीं, घोडीं उपाशीं मरतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल. मग तुम्ही रयतेस त्रास देऊं लागाल. कोणी कुणब्याचें धान्य आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लांकूड, कोणी भाजी. असें झालें म्हणजे रयतेस शत्रु बरा वाटूं लागेल. जें लागेल तें बाजारांत जाऊन विकत घ्यावें. शेवटीं विस्तवाविषयीं ताकीद आहे. कोणी वाटेल तेथें चूल मांडील, कोणी गवत पडलें आहे कीं वारा वाहत आहे हें न पाहतां तंबाखू ओढील, कोणी दिवा जळता ठेवून निजेल आणि उंदीर ती पेटती वात ओढून नेईल. एवढ्यानें गवताच्या गंजी व घोडीं यांची राखरांगोळी होईल.

विद्यार्थिमित्रहो, या पत्रांत लढाईचा शब्द जवळ जवळ नाहीं. वैरण, शेजारी आणि विस्तव या तीनच गोष्टी आहेत. आज कोणत्याही देशांतल्या मुक्कामाच्या मैदानावर नियमांचा फलक लावला, तर त्यांत या तिन्ही गोष्टी असावयाच्याच.

पत्रांत जी भीति सांगितली आहे तिच्या नेमकें उलट चित्र आपल्याच शिवारांत दिसतें. पीक निघाल्यावर शेतकरी धनगरास बोलावून आपल्या शेतांत मेंढरें बसवितो आणि त्याबद्दल त्यास धान्य किंवा पैसे देतो. कारण मेंढरांच्या लेंड्यांनीं व मुतानें रान कसदार होतें. पाहा, एक मुक्काम असा कीं ज्याची रयतेस धास्ती वाटावी, आणि दुसरा असा कीं ज्यासाठीं शेतकऱ्यानें आपण होऊन निमंत्रण द्यावें. आपला मुक्काम यांपैकीं कोणत्या जातीचा व्हावा, हें आपणच ठरवावयाचें असतें.

४. निघण्यापूर्वीं

आतां प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळूं. ऋतु पाहून निघावें. आपल्या भागांत दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा काळ उत्तम. उन्हाळ्यांत ऊन सोसवत नाहीं व पाणी दुर्मिळ असतें. पावसाळ्यांत काळ्या रानाचा चिखल खुरांस धरतो.

घोड्याचे नाल सहा ते आठ आठवड्यांनीं बदलावे लागतात. निघण्याच्या दिवशीं नव्हे, तर चार दिवस आधीं नालबंदास दाखवावें. घोड्यांमध्यें 'ग्लँडर्स' नांवाचा एक सांसर्गिक रोग होतो. तो माणसासही होऊं शकतो. म्हणून घोडा यात्रेस, बाजारास अगर अनेक घोडे एकत्र येतात अशा मुक्कामास नेण्यापूर्वीं त्याचें रक्त तपासून पशुवैद्याचा दाखला घ्यावा. ही उगाच कटकट आहे असें पालकांनीं समजूं नये.

पुढें ओझ्याचा हिशेब. स्वार, खोगीर व सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक भार नसावा असा साधारण नियम आहे. तट्टाचें वजन २८० किलो धरलें तर हा भार ५६ किलो होतो. त्यांतून खोगीर व सामान यांचे १२ किलो वजा केले म्हणजे स्वारासाठीं ४४ उरले. यावरून लहान तट्टू मुलांस ठीक, पण धिप्पाड गृहस्थांनीं त्यावर दिवसभर बसणें ठीक नव्हे, हें गणितानेंच सिद्ध होतें. स्वाराच्या डोक्यावर शिरस्त्राण असावें आणि पायांत टांचेचा जोडा असावा. टांच नसली तर पाऊल रिकिबींतून आरपार जातें आणि पडलेला स्वार फरफटत जातो.

५. वाटेवर

घोड्यास आपल्या भोंवतालचें जवळ जवळ सर्व दिसतें. मात्र कपाळाच्या अगदीं पुढें व शेपटीच्या मागें त्यास दिसत नाहीं. म्हणून त्याच्याजवळ खांद्याच्या बाजूनें, बोलत बोलत जावें. मागून अवचित हात लावणारास लाथ बसली तर दोष घोड्याचा नव्हे. कान मागें पडले तर तो रागावला आहे, पुढें टंवकारले तर कांहीं पाहत आहे, असें समजावें.

पहिला अर्धा तास केवळ पावलाचालीनें चालावें आणि मग उतरून तंग पुन्हां आवळावा. कारण आरंभीं घोडा पोट फुगवितो आणि मागाहून तंग सैल पडतो. पावलाचालीनें घोडा तासास सहा-सात किलोमीटर जातो. नवशिक्यांनीं दिवसास वीस-पंचवीस किलोमीटरांची मजल पुरेशी मानावी, आणि तांड्याची चाल सर्वांत सावकाश घोड्याच्या चालीएवढी ठेवावी. उतारावर खालीं उतरावें. शेवटचा एक किलोमीटर घोडा हातांत धरून पायीं न्यावा, म्हणजे मुक्कामावर पोहोंचतां त्याचें अंग निवालेलें असतें. अंकलीच्या शितोळे सरकारांकडील अश्व ज्ञानेश्वरमाउलींच्या पालखीसाठीं बेळगांव जिल्ह्यांतून आळंदीपर्यंत पायींच नेण्याची जुनी प्रथा आहे. पुढें तेच अश्व आपल्या जिल्ह्यांत माळशिरसाजवळ सदाशिवनगर येथें रिंगणांत धांवतात. लांबच्या वाटेनें थकलेलें जनावर रिंगणांत असें धांवतें, तें वाटेवरच्या निगेमुळें.

६. मुक्कामाची जागा

आपल्याकडे सार्वजनिक मुक्कामाची जागा म्हणजे पालखीतळ, यात्रेचें मैदान किंवा गांवचें गायरान. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी आपल्याच तालुक्यांतून पंढरपुरास जाते, तेव्हां तळ कसा पडतो हें आपण पाहतों. अशा जागेसाठीं ग्रामपंचायतीस आधीं विचारावें. सार्वजनिक जागा कोणाचीच नसते असें नव्हे. ती सर्वांची असते, म्हणून तेथें अधिक जपावें लागतें.

खोगीर उतरल्यावर पहिली भाकर माणसाची नव्हे. आधीं घोड्याची पाठ पाहावी, घाम पुसावा, खरारा करावा, चारी खूर उचलून आंतले खडे काढावे. मग पाणी, मग वैरण, आणि कांहीं वेळानें चंदी, हा क्रम ठेवावा. घामाघूम घोड्यास पाणी मुळींच देऊं नये, अशी जुनी समजूत होती. इ. स. १९९६ च्या अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्तानें घोड्यांच्या उष्म्याविषयीं पुष्कळ प्रयोग झाले, आणि तापलेल्या घोड्याच्या अंगावर थंड पाणी घातल्यानें अपाय न होतां तो लवकर निवतो असें दिसून आलें. पिण्याचें पाणीही वाटेंत मधून मधून द्यावें.

घोड्याचें जठर त्याच्या देहाच्या मानानें लहान असतें आणि त्यास ओकारी करतां येत नाहीं. त्यामुळें एकदम पुष्कळ दाणा खाल्ला तर शूळ उठून तो दगावूं शकतो. थोडें थोडें व वारंवार, हीच त्याची खाण्याची रीत. वैरण घरून न्यावी किंवा विकत घ्यावी. पाण्याचा ताण बसलेली कोंवळी ज्वारी जनावरांस विषारी ठरते, म्हणून कोणाच्या शेताच्या बांधावर घोडा सोडणें हें चोरीचें तसेंच धोक्याचें काम आहे.

पाण्याचा हिशेब तर प्रत्येकानें करून पाहावा. एका घोड्यास दिवसास २५ ते ५० लिटर पाणी लागतें. सरासरी ३५ धरले तर सहा घोड्यांस २१० लिटर झाले. ज्या गांवीं उन्हाळ्यांत टँकर येतो आणि बायामुलें घागरी घेऊन रांगेंत उभीं असतात, तेथें सहा घोडे नेऊन उभे करणाऱ्यास सहलीची हौस आहे असें म्हणतां येईल, पण दया आहे असें म्हणतां येणार नाहीं.

बांधण्याची रीत अशी: दोन बळकट झाडांस रुंद पट्टे गुंडाळून त्यांच्यामध्यें माणसाच्या डोक्याहून उंच एक दोर ताणावा आणि त्या दावणीस अंतराअंतरानें घोडे बांधावे. घोडा लगामानें कधींही बांधूं नये. म्होरकीच्या दोरानें, एक टोंक ओढतांच सुटेल अशा गांठीनें बांधावा. दोर इतकाच लांब असावा कीं तोंड वैरणीस पोहोंचावें, पण पाय अडकूं नये. लाथाळ घोडा टोंकास. थेट झाडास बांधलेला घोडा साल कुरतडतो आणि खुरांनीं मुळें उघडीं पाडतो. एका रात्रींत वीस वर्षांचें झाड मरणास लागतें. दावण पाण्यापासून साठ मीटर तरी दूर असावी, म्हणजे लीद-मूत ओढ्यांत जाणार नाहीं. चूल दावणीपासून व गवतापासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून मांडावी. रात्रीं आळीपाळीनें एकानें जागें राहावें. घोडा उभ्याउभ्याही झोंप घेतो. पण गाढ झोंपेसाठीं त्यास थोडा वेळ आडवें व्हावें लागतें. म्हणून जागा कोरडी व बिनखड्यांची निवडावी.

७. जागा सोडतांना

आपला माळ उजाड दिसतो, पण तो रिकामा नाहीं. टिटवी व चंडोल जमिनीवरच अंडीं घालतात. माळढोक पक्ष्याची मादी पावसाळ्यांत उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते. या पक्ष्यासाठीं इ. स. १९७९ मध्यें सोलापूर व नगर जिल्ह्यांत अभयारण्य स्थापन झालें. आज तो अत्यंत दुर्मिळ झाला आहे. एका खुराखालीं एक पिढी जाऊं शकते. म्हणून मळलेली वाट सोडूं नये आणि वनखात्याच्या हद्दींत परवानगीशिवाय पाऊल टाकूं नये.

अमेरिकेंत सरकारी वनांमध्यें घोड्यांसह मुक्काम करण्यासाठीं खास मैदानें राखलेलीं आहेत. तेथें पुष्कळ ठिकाणीं तणाचें बीज नसल्याचा दाखला असलेलीच वैरण आणावी लागते. कारण लिदेंतून पडलेलें बीं रुजून परकें तण रानभर पसरतें. ही सावधगिरी कोणास अति वाटेल. त्यानें आपल्या गाजरगवताकडे पाहावें. परदेशी धान्याबरोबर आलेलें हें तण इ. स. १९५५ च्या सुमारास पुण्यापाशीं आढळलें, असें मानतात. आज तें ज्या गांवीं नाहीं असें गांव सांपडणें कठीण!

निघतांना मेखा उपटून खळगे बुजवावे, राख पाण्यानें विझवून हातानें चाचपावी, लीद पसरून द्यावी किंवा शेजारच्या शेतकऱ्यास खतासाठीं द्यावी, आणि कागद-प्लास्टिकाचा कपटाही मागें ठेवूं नये. मग घोड्याच्या पाठीवरून एकदां हात फिरवावा. पाठ सुजलेली किंवा सोललेली नसेल, आणि गांवकरी 'पुन्हां या' म्हणत असतील, तर तो मुक्काम साधला असें खुशाल समजावें. ज्यास आपल्या घोड्याची तहान आधीं आणि आपली मागाहून आठवते, त्यास पुढें घरांत व गांवांतही दुसऱ्याची तहान ओळखतां येते. पालकांनीं मुलांस घोड्यावर बसवावें तें याच शिक्षणासाठीं, अशी आमची विनंति आहे.

अभ्यास

१. बिनी, बुणगे, मजल, चंदी व दावण या शब्दांचे अर्थ सांगून प्रत्येकाचा वाक्यांत उपयोग करा.

२. एका तट्टाचें वजन ३०० किलो आहे. खोगीर व सामान १४ किलो आहे. स्वाराचें वजन जास्तींत जास्त किती असावें?

३. चार घोड्यांस दोन दिवसांत किती पाणी लागेल? तेवढें पाणी आणावयास तुमच्या घरच्या घागरीनें किती खेपा होतील?

४. चिपळूणच्या छावणीस लिहिलेल्या पत्रांतील तीन ताकिदी आपल्या शब्दांत लिहा.

५. तुमच्या शिवारांत मेंढरें बसविण्यास धनगर येत असल्यास, ते आपलें तट्टू कोठें बांधतात, काय चारतात व पाणी केव्हां पाजतात, हें त्यांस नम्रपणें विचारून टिपून आणा.